भिंतीपलीकडचा निळा पेला

मी एक जुना निळा पेला आहे. पत्र्याचा, वरून एनॅमल चढवलेला, एका बाजूला कान असलेला. माझ्या काठावरची काळी रेघ दोन ठिकाणी उडाली आहे आणि माझं बूड आत गेलेलं आहे. बूड असं का, ते सांगतोच. मला सुंदर असं कधी कोणी म्हटलेलं नाही. पण एके काळी हजारो माणसांनी माझा फोटो पाहिला आहे, तेव्हा जरा नीट बसून ऐका.

मित्रांनो, माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्र्याची चकती साच्यात दाबून मला आकार दिला, रंगात बुडवलं आणि भट्टीत घातलं. त्या दिवशी माझ्याबरोबर हजारभर पेले निघाले असतील, सगळे एकसारखे. तिथून मी बितोला नावाच्या शहराच्या बाजारात आलो. दोमनिका नावाच्या नव्या नवरीने मला उचललं, नखाने टिचकी मारली, आवाज ऐकला आणि दुकानदाराला म्हणाली, "हा टिकेल. घरातल्या माणसांपेक्षा जास्त टिकेल." दुकानदार हसला आणि मला जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं.

मला आणलं होतं दूध प्यायला. पण एका सकाळी दोमनिकाने घाईत माझ्याने मैदा मोजला, आणि माझं दूध सुटलं ते सुटलंच. मी त्या घराचं माप झालो. वजनकाटा होता हो घरात, सासूने दिलेला, पण तो कपाटावर धूळ खात पडला. तिच्या वहीत सगळीकडे मीच. पेला तांदूळ, अर्धा पेला तेल, मावेल तेवढा मैदा. आणि वहीच्या पहिल्याच पानावर रवानी. रवानी म्हणजे रव्याचा केक. तो भट्टीतून गरम निघाला की त्यावर गार साखरेचा पाक ओततात. केकने सगळा पाक प्यायला पाहिजे, आणि तरी वडी कापल्यावर ती उभी राहिली पाहिजे. दोमनिकाची राहायची. वहीत लिहिलं होतं: अंडी सहा, रवा पेला, मैदा पेला, साखर पेला.

आमच्या अंगणाला आणि शेजारच्या अंगणाला मिळून एक भिंत आहे, छातीएवढी. पलीकडे त्रायांका राहते. तिच्याकडे अक्रोडाचं मोठं झाड आहे आणि जिभेला हाड नाही. त्या भिंतीवरून मी किती वेळा गेलो असेन, देव जाणे. आमच्याकडे भांडं भरून आलं की ते रिकामं परत पाठवत नाहीत. शोभतच नाही. मी आंबट दही घेऊन जायचो आणि भाजलेल्या लाल मिरच्यांची चटणी घेऊन यायचो. चेरी घेऊन जायचो, कांदे घेऊन यायचो. एकदा त्रायांकाकडे खरंच काही नव्हतं, तेव्हा तिने मला अंगणातल्या कोथिंबिरीने ठासून भरलं. दोमनिका भिंतीवरून ओरडली, "मला काय शेळी समजतेस का गं?" त्या दोघी त्यावर आठवडाभर हसत होत्या.

आता बुडाची गोष्ट. दोमनिकाला मुलगी झाली, फानिया. ती पाच वर्षांची असताना एका दुपारी मला घेऊन त्रायांकाच्या पायरीवर बसली आणि माझ्या बुडाने अक्रोड फोडू लागली. चांगले तीस-चाळीस फोडले. मला काय वाटलं ते विचारू नका. त्रायांका बाहेर आली आणि तिने हाक मारली, "दोमनिके, ये बघ, तुझ्या लेकीने पेल्याचा हातोडा केलाय." तेवढ्यात फानिया पळाली आणि लाकडांच्या ढिगामागे जाऊन बसली. दोमनिकाने मला उचललं, आत गेलेल्या बुडावरून अंगठा फिरवला. ओरडेल असं वाटलं होतं. ती ओरडली नाही. लाकडांच्या ढिगाकडे पाहून ती फक्त म्हणाली, "फोडलेले अक्रोड तरी आणून दे, बाई."

त्या रविवारी रवानी बिघडली. बसकी झाली आणि तिला अंड्याचा वास येत होता. दोमनिकाने एक घास खाल्ला, मग मला उजेडाकडे धरून आत पाहिलं. "तुझं पोट लहान झालंय रे," ती मला म्हणाली. तिने वही उघडली, सहाचा आकडा खोडला आणि शेजारी पाच लिहिला. पुढच्या रविवारी रवानी पुन्हा उभी राहिली. ही गोष्ट तिने कोणाला सांगितली नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

वर्षं गेली. दोमनिकाचा नवरा गेला, फानियाचं लग्न होऊन ती राजधानीत, स्कोप्येला गेली. तिथे तिला काही करमेना. नवरा दिवसभर कामावर, आणि स्वयंपाकघरात ती एकटी. मग ती आईला फोन करून एकेक पदार्थ विचारू लागली आणि तो इंटरनेटवर लिहू लागली. मी ओट्यावर असायचो, तेव्हा मला सगळं ऐकू यायचं.

"एक पेला रवा," दोमनिका सांगायची.

"आई, पेला म्हणजे किती?"

"पेला म्हणजे पेला."

"अगं पण लोक विचारतात."

"त्यांना म्हणावं, येऊन बघा."

पुढच्या सुट्टीत फानिया आली आणि तिने माझा फोटो काढला. खिडकीत ठेवून, मागे पेलिस्तरचा डोंगर. तिच्या ब्लॉगचं नाव तिने 'निळा पेला' ठेवलं. खोटं कशाला बोलू, मी फुगलो होतो.

त्या ब्लॉगवर तिने स्वतःबद्दल फारसं कधी लिहिलं नाही, पण वाचणाऱ्याला कळायचं. आधी दोघांची न्याहारी असायची. मग नवरा कामासाठी जर्मनीला गेला आणि डब्यात टिकतील असे पदार्थ आले, त्याला पाठवायला. मग तीन महिने काहीच नाही. नंतर एके दिवशी तिने लिहिलं, 'एका माणसापुरता पावट्याचा रस्सा'. खाली कोणीतरी विचारलं, एकाच माणसापुरता का? महिनाभराने फानिया दोन बॅगा घेऊन बितोलाला आईकडे परत आली. दोमनिकाने बॅगा आत घेतल्या. "हात धू," म्हणाली, "आणि मिरच्या सोलायला बस."

ती वर्षं माझी सगळ्यात सुखाची. दोघी मिळून करायच्या. फोटोत फक्त दोमनिकाचे हात दिसायचे आणि मी. संध्याकाळी फानिया तिला लोकांनी लिहिलेलं वाचून दाखवायची. दोमनिका एकदा म्हणाली, "या बायकांना घरी आया नाहीत का गं?"

"असतील," फानिया म्हणाली. "पण पेला नाही."

मग एका उन्हाळ्यात त्रायांकाचा नवरा कोले गेला. सोफ्यावर बसल्या बसल्या गेला, हातात कलिंगडाची फोड होती. त्यानंतर त्रायांकाने चूल पेटवली नाही. तिचा मुलगा गोत्से दूर स्वीडनमध्ये, माल्मोला. ही पाव खायची, चीज खायची, बस्स. "एकटीसाठी काय रांधायचं," म्हणायची. दोमनिका रोज भिंतीवरून काहीतरी द्यायची. ऑक्टोबरमध्ये तिने मला अंजिराच्या मुरांब्याने काठोकाठ भरलं आणि पलीकडे दिलं.

"खा," ती म्हणाली. "आणि पेला परत कर. शनिवारची रवानी करायची आहे."

"देते गं, देते," त्रायांका म्हणाली.

तो शनिवार म्हणजे पितरांचा शनिवार. त्या दिवशी आम्ही आपल्या माणसांच्या थडग्यावर खाणं घेऊन जातो, त्यांना जे आवडायचं ते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतो. दोमनिका नवऱ्यासाठी दरवर्षी रवानी न्यायची. त्या वर्षी गेली नाही. गुरुवारी ती अंगणात कपडे वाळत घालताना पडली, आणि शुक्रवारी तिचं घर माणसांनी भरून गेलं होतं.

मित्रांनो, मी पलीकडे होतो. त्रायांकाच्या काचेच्या कपाटात, मुरांबा पोटात घेऊन. माझी मालकीण गेली आणि मी तिथे नव्हतो.

त्रायांकाने तो मुरांबा दोन महिने पुरवून खाल्ला. रोज एक चमचा, उभ्यानेच. मग मला धुतलं, पुसलं, हातात घेतलं आणि दारापर्यंत आली. तिथे थांबली. माझ्यात पाहिलं. "रिकामा कसा नेऊ?" ती मलाच विचारत होती. "आणि तोही तिचा." ती परत आत गेली, डबे उघडून पाहिले. पीठ जुनं, साखरेचा गोळा झालेला. तिने मला कपाटात ठेवलं आणि काच लावली.

वसंतात तिने पुन्हा मला काढलं. धुतलं, दारापर्यंत आली, परत गेली. दोमनिका असती तर त्रायांकाने मीठ भरूनही दिला असता, कोथिंबीर भरूनही. पण आईवेगळ्या मुलीच्या दारात आईचा पेला घेऊन जायचं तर त्यात काहीतरी शोभेसं हवं, आणि तिच्या चुलीवर शोभेसं काही शिजतच नव्हतं. जितका उशीर झाला तितकी लाज वाढली. आता लोक म्हणतील ठेवून घेतला. उन्हाळ्यात काढलं, ठेवलं. पानगळीत काढलं, ठेवलं. माझ्याइतकं धुतलं गेलेलं भांडं त्या गल्लीत दुसरं नसेल.

इकडे फानियाने माझ्यासाठी घर पालथं घातलं. भिंत छातीएवढीच, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. कपाटं उघडली, माळ्यावरचं सामान उतरवलं. आमच्याकडे माणूस गेला की चाळीस दिवसांनी त्याचे कपडे गरजूंना देतात. तिला वाटलं, त्या कपड्यांच्या खोक्यात आईची कपबशी दिली तसा मीही गेलो असेन. "मीच दिला," ती रडत फोनवर कोणाला तरी सांगत होती. "न बघता दिला." तेव्हा मी किती ओरडलो असेन. पण पेल्याचा आवाज टिचकी मारल्याशिवाय निघत नाही.

मग तिने माझ्यासारखाच दुसरा पेला मिळवला. त्याच कारखान्याचा, त्याच रंगाचा. तो माझा सख्खा भाऊ म्हणा हवं तर, पण कधी काम न केलेला. तिने त्याच्याने रवानी केली. अंडी पाच, रवा पेला, मैदा पेला, साखर पेला. रवानी कोरडी झाली. पाक वर तसाच राहिला आणि सुरी लावली की कडा तुटायच्या. तिने रवा बदलला, भट्टीची आच बदलली, पाक पातळ केला. प्रत्येक वेळी भिंतीपलीकडून मला अंडी फेटण्याचा आवाज यायचा आणि मी मोजायचो. एक, दोन, तीन, चार, पाच. आणि आवाज थांबायचा. अगं, आणखी एक फोड, मी म्हणायचो. तुझ्या पेल्याचं पोट मोठं आहे, आणखी एक फोड.

वहीतला खोडलेला सहा तिने पाहिला नव्हता असं नाही. मला हे मागाहून कळलं, पण ब्लॉगवर तिने त्याबद्दल लिहिलंही होतं, की टंचाईच्या काळात आईने एक अंडं वाचवलं असावं. लोकांनी खाली लाल हृदयांची चित्रं टाकली होती. आणि नवा पेला काट्यावर ठेवून तिने सगळी मापं ग्रॅममध्ये लिहून टाकली होती, म्हणजे तिची चूक आता घरोघरी भाजली जात होती.

तीन वर्षं पितरांच्या शनिवारी ती आईच्या थडग्यावर बेकरीतला केक घेऊन गेली. दुसऱ्या वर्षी मामेबहीण म्हणाली, "हातची नाही केलीस का, फाने? तुझ्या ब्लॉगवर तर केवढी स्तुती आहे." कोलेच्या थडग्याशी उभ्या त्रायांकाने हे ऐकलं होतं. घरी येऊन ती माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि ते मलाच सांगत राहिली. त्या दिवशी मला तिची दया आली. एरवी मला तिचा रागच यायचा.

चौथ्या वर्षी, ऑक्टोबरमध्येच, माल्मोहून गोत्सेचा व्हिडिओ फोन आला. त्याच्या बायकोने रवानी केली होती. "आई, ही बघ वीट," तो हसत म्हणाला. "शेजारच्या फानियाच्या ब्लॉगवरून केली. तिचीही अशीच होते म्हणे. थांब, वाचून दाखवतो." आणि त्याने वाचलं. फानियाने लिहिलं होतं, 'या वर्षीही आईला तिची रवानी नेता येणार नाही. मी खूप करून पाहिली. आईचा पेला माझ्या हातून गेला आणि तिचा हातही त्याच्याबरोबर गेला असं वाटतं. ही शेवटची रवानी, यापुढे मी ती करणार नाही. बहुतेक लिहिणारही नाही.'

"हा बघ तो पेला," म्हणून गोत्सेने माझा खिडकीतला फोटो दाखवला.

त्रायांकाने फोटोकडे पाहिलं, मग मान वळवून कपाटाकडे पाहिलं. "फोन ठेव," ती म्हणाली.

"काय झालं?"

"काही नाही. तुझी आई मूर्ख आहे. ठेव."

ती अंगणात गेली. झाडाखाली अक्रोड पडले होते, त्या वर्षी कोणी वेचलेही नव्हते. तिने बसून ते फोडले, दगडाने, नीट, आणि सोललेल्या गरांनी मला काठापर्यंत भरलं. भिंतीवरून हाक मारली नाही. काळा रुमाल डोक्याला बांधला आणि रस्त्याने वळसा घालून, पाहुण्यासारखी पुढच्या दाराने गेली.

फानियाने दार उघडलं. तिने आधी अक्रोड पाहिले, मग मला.

"मावशी, हा..."

"साडेतीन... नाही, चार वर्षं माझ्याकडे आहे," त्रायांका म्हणाली. "चोरला नाही. तुझ्या आईने मुरांबा घालून दिला होता. परत द्यायचा तर भरायला काही नव्हतं."

"भरायला?"

"रिकामा कसा आणू, पोरी?"

फानिया रागावली. खरीखुरी रागावली. "मला वाटलं मी देऊन टाकला. चार वर्षं मी स्वतःला शिव्या घालतेय, मावशी. मध्ये एक भिंत आहे. एक हाक मारायची."

"मारायची होती. रोज मारायची होती." त्रायांका हललीही नाही. "आता तू घाल शिव्या. मी उभी आहे."

फानियाने शिव्या घातल्या नाहीत. तिने मला दोन्ही हातांत घेतलं आणि तिथेच उंबऱ्यावर बसली. थोड्या वेळाने त्रायांकाही गुडघे धरत तिच्याशेजारी बसली. "अक्रोड त्याच झाडाचे आहेत," ती म्हणाली. "याच्या बुडाने फोडायचीस ते."

"कोण, मी?"

"नाही, मी. लाकडांच्या ढिगामागे संध्याकाळपर्यंत लपली होतीस. आई मारेल म्हणून."

फानियाने अक्रोड पदरात, म्हणजे तिच्या एप्रनमध्ये ओतले आणि मला उलटं केलं. आत गेलेल्या बुडावर तिचा अंगठा बरोबर तिथेच फिरला, जिथे दोमनिकाचा फिरला होता. मग ती एकदम उठली. ओट्यावर नवा पेला होता. तिने मला पाण्याने काठोकाठ भरलं आणि ते पाणी त्याच्यात ओतलं. तो भरला नाही. दोन बोटं रिकामा राहिला.

ती त्या दोन बोटांकडे पाहत राहिली. मग वही काढली, पहिलं पान उघडलं आणि खोडलेल्या सहावर बोट ठेवलं. "टंचाई नव्हती," ती हळू म्हणाली. "मावशी, हा मी केलेला खड्डा आहे. तिने एक अंडं कमी केलं आणि मला काही बोलली नाही."

"बोलायची नाहीच ती," त्रायांका म्हणाली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तिला रडताना पाहिलं. कोलेच्या वेळीही ती रडली नव्हती.

रवानी त्याच दुपारी झाली. मी मोजलं, पाच अंडी फुटली आणि मला कोणालाही हाक मारावीशी वाटली नाही. पाक ओतला तेव्हा केकने तो पिऊन टाकला. त्रायांकाने पहिला तुकडा खाल्ला, बराच वेळ चावला आणि म्हणाली, "साखर जरा जास्त. तिचीही जास्तच असायची."

शनिवारी दोघी मिळून गेल्या. परत आल्यावर फानिया सांगत होती, की मामेबहिणीने तुकडा घेतला, रिवाजाप्रमाणे "देव तिला क्षमा करो" म्हणाली आणि दुसऱ्या तुकड्यासाठी हात पुढे केला. संध्याकाळी तिने ब्लॉगवर लिहिलं, 'माझी सगळी मापं चुकली होती, माफ करा. तुमचा पेला धड असेल तर अंडी सहा घ्या.' कोणीतरी लगेच सुचवलं, की ते बूड ठोकून सरळ करून मिळतं. तिने उत्तर दिलं, हात लावू देणार नाही.

उरलेल्या दोन वड्या तिने माझ्यात ठेवल्या आणि भिंतीवरून मला पलीकडे दिलं. खरं सांगतो, माझा जीव धसकला. पुन्हा ते काचेचं कपाट, पुन्हा धुणं आणि पुसणं. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच त्रायांका भिंतीपाशी आली. मी तिच्या हातात होतो आणि माझ्यात काहीही नव्हतं.

"धुतलाय," ती म्हणाली. "आत काही नाही."

"बरं झालं," फानिया म्हणाली. "मला आत्ता लागणारच होता. कॉफी टाकलीये, ये."

मित्रांनो, आता मी ओट्यावर असतो, माझ्या जागी, आणि माझा धड बुडाचा भाऊ दूध प्यायला लागला आहे. तुमच्याकडे मागायचं ते एवढंच. आपल्या कपाटात एकदा डोकावून बघा. कोणाचा डबा, कोणाची वाटी, कोणाचा पेला राहिला असेल. भरायला काही शोभेसं मिळेल म्हणून थांबू नका. धुवा, पुसा आणि रिकामाच नेऊन द्या. भिंतीपलीकडे कोणीतरी पाचच अंडी फोडून थांबलेलं असतं.